डावी बाजू

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. मग "158 वर 96" असं म्हणून त्यांनी माझ्याऐवजी बायकोकडे पाहिलं. आकडा माझा आणि नजर तिच्याकडे, म्हणजे आता झडती स्वयंपाकघराची होणार हे मी ओळखलं.

"गोळी देतोय. पण आहार डॅश."

मी गप्पच झालो. आमच्याकडे बोलण्यात डॅश आला की तिथे शिवी गाळलेली असते. इतकं काय खाल्लं होतं मी? नंतर खुलासा झाला. हा अमेरिकेतला आहार, 1997 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भरपूर भाज्या, फळं आणि साय काढलेलं दूध-दही. एवढ्यावर बीपीवाल्यांचा वरचा आकडा सरासरी 11 ने उतरला, तोही मीठ कमी न करता. हे ऐकून माझा चेहरा उजळला असावा, कारण डॉक्टर लगेच म्हणाले, "तुम्ही मीठही कमी करायचंय. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. सगळं धरून."

'सगळं धरून'नेच घात केला. घरी येऊन हिशोब मांडला. माणसं चार, मिठाचा किलोचा पुडा महिनाभर पुरतो, म्हणजे माणशी रोज 8 ग्रॅम. पुडा 50 दिवस पुरायला हवा. बरं, ही झाली फक्त उजवी बाजू.

मराठी ताटात उजवीकडे भाजी-आमटी असते. ती पोषणासाठी. माणूस जगतो तो डावीकडे. लोणचं, चटणी, पापड, कुरडई, दहीभाताबरोबर तळलेली सांडगी मिरची. दुधीची भाजी मी आजवर खाल्ली ती दुधीसाठी नव्हे, शेजारच्या लोणच्याच्या भरवशावर. डॉक्टरांनी तीच आघाडी उठवायला सांगितली. पापडात तर मीठ असतंच, वर पापडखार. तोही सोडियमचाच भाऊबंद! इतकी वर्षं पापड मुकाट्याने दुहेरी काम करत होता आणि मी त्याला हलकाफुलका समजत होतो.

बातमी फुटल्यावर नातेवाईक सरसावले. उपाशीपोटी लसूण, बिटाचा रस, दुधीचा रस. बिटाचा रस तीन दिवस घेतला. चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात जो रंग दिसला त्याने बीपी नक्की वर गेलं असणार. आत्याने फोनवर सांगितलं, "सैंधव खा रे, ते उपासाला चालतं." उपासाला चालतं ते बीपीला चालतं, असं शास्त्र असतं तर मी साबुदाणा खिचडीवरच बरा झालो असतो. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, फक्त गुलाबी आणि महाग. मग मुलाने कमी सोडियमचं मीठ आणलं. त्यात थोडं पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ते डॉक्टरांनी थांबवलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर अंगात पोटॅशियम साठतं म्हणे, आणि माझी गोळी नेमकी त्यातलीच.

राहिलं लिंबू. डाव्या बाजूचा हा एकमेव सदस्य पदावर टिकला. लिंबू, मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ओलं खोबरं यांच्या जोरावर बायकोने आघाडी सावरली. पहिले दोन आठवडे मात्र आमटीची चव बातम्या वाचणाऱ्या निवेदकासारखी होती. सगळं स्पष्ट, भावना शून्य. महिन्याभराने जीभ वळणावर आली असावी. ऑफिसात कुणी शेवेचा पुडा पुढे केला, चार काड्या तोंडात टाकल्या आणि खारट लागल्या. शेव खारट! मला स्वतःचाच राग आला.

खरी अडचण आईची. वय 78. तिच्या मते ताटात पहिलं मीठ वाढायचं, बाकी सगळं मागाहून. बिनमिठाचं पान वाढणं तिच्या हातून होणार नाही. अखेर तह झाला. ती चिमूटभर मीठ वाढणार, मी त्याला शिवायचं नाही आणि जेवण झाल्यावर ती ते मोजून घेणार.

मोजून घेते म्हणजे अक्षरशः चष्मा लावून बघते. काल दहीभात झाल्यावर ताट उचलता उचलता थबकली.

"या ढिगाला बोटाचा खड्डा कुणी पाडला रे?"