नऊ तारखेला एवढं एक विचारा

"आता तू आनंदी राहायला हवंस, बाळावर परिणाम होतो." गरोदर बाईला हे घरीदारी सगळे ऐकवतात. मायेनंच. पण जिला रात्र रात्र झोप नाही, जेवणाची वासना नाही, विनाकारण रडू येतं, ती हे ऐकून आणखी गप्प होते. पोटात बाळ असताना मला वाईट वाटतंच कसं, हा अपराधीपणा वर.

परिणाम होतो हे खरंच आहे. नैराश्यावर उपचार झाले नाहीत तर वेळेआधी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढतो. बाईचं खाणं सुटतं, लोहाच्या गोळ्या राहून जातात, तपासणी टळते. पण हा आजार आहे, तिचा स्वभाव नाही. आनंदी राहा म्हणून तो जात नाही.

दुसरं ठरलेलं वाक्य, "मूल झालं की होईल ठीक." गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गरोदरपणापासून बायकांची पाहणी केली होती; ती 2002 साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के बायकांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या 78 टक्के जणी गरोदरपणातच मनानं खचलेल्या होत्या. म्हणजे बहुतेकींचं दुखणं आधीच सुरू झालं होतं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, मुलगी झाली म्हणून उतरलेले चेहरे, ही कारणंही त्यात आहेत. त्यांवर एकट्या बाईनं मन घट्ट करून काय होणार?

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. बीपी, हिमोग्लोबिन, वजन, लघवी, सगळं बघतात. त्याच रांगेत झोप, रडू, जगण्याचा कंटाळा यांबद्दलही विचारायला हवं, आणि तेही सासू-नवऱ्याला बाहेर बसवून. बाळंतपणाच्या आगेमागे येणारं नैराश्य ओळखायची एडिंबरो प्रश्नावली 1987 पासून आहे, फक्त दहा प्रश्नांची. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला 'हो' आलं तर त्या बाईला तशीच घरी पाठवायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्यायचं.

आधीपासून नैराश्याची गोळी चालू असेल तर दिवस राहिले म्हणून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. कुणाशीच बोलता येत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. नवऱ्यांनो, तिनं लावायची वाट बघू नका, तुम्ही लावून द्या.