‘शोधगंगा’साठी पासवर्ड लागत नाही : खुलासा

कोल्हापुरातील विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा संदेश फिरत आहे की, ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातील प्रबंध केवळ पीएच.डी.ची नोंदणी झालेल्यांनाच दिसतात आणि इतरांनी पासवर्डसाठी शुल्क भरावे. हे खरे नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात शिवाजी विद्यापीठासह देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध असून, लॉगिन न करता मोबाइलवरही शीर्षकपृष्ठ, प्रकरणे, संदर्भसूची अशा वेगवेगळ्या पीडीएफ फायली विनामूल्य उघडतात. कोणीही पडताळून पाहावे. पासवर्ड लागतो तो ग्रंथालये वर्गणी भरून घेतात त्या नियतकालिकांना, आणि गल्लत बहुधा तिथेच झाली असावी. शंका असल्यास विद्यापीठाच्या ग्रंथपालांना विचारावे. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच ग्रुपवर हा खुलासा टाकावा.