वाचनालयाला देणगीपेक्षा अंदाजपत्रकात जागा हवी

छोट्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत काही वर्षे काढल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. स्थानिक प्रशासन पैसे देत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक संस्था चुकीच्या वेळी आणि चुकीच्या गोष्टीसाठी पैसे मागायला जातात. एका वर्षी आमचाही अर्ज अंदाजपत्रक मंजूर झाल्यानंतर पोहोचला. तो कुणी नाकारला नाही, नुसता फायलीत पडून राहिला.

इमारतीसाठी एकरकमी निधी मिळवणे तुलनेने सोपे असते, कारण इमारतीचे उद्घाटन करता येते. ग्रंथपालाच्या पगाराची आणि वीजबिलाची फीत कोण कापणार? ही अडचण जुनीच आहे. ब्रिटनमधील १८५० च्या कायद्याने नगरपरिषदांना वाचनालयासाठी मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे अर्धा पेनी कर बसवण्याची मुभा दिली खरी, पण त्या पैशातून पुस्तकेच घेता येत नव्हती! १८५५ मध्ये ही मर्यादा एक पेनी झाली आणि पुस्तकांचा खर्चही त्यात बसला. अनेक वाचनालयांना देणग्या देणारे अमेरिकेतील उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी हे नेमके ओळखले होते. इमारतीसाठी देणगी देताना तिच्या १० टक्के रक्कम गाव दरवर्षी चालू खर्चासाठी देईल, अशी हमी ते आधी घेत. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने तर मालमत्ता करावर ग्रंथालय उपकरच लावला.

म्हणून मागणी करायची ती अंदाजपत्रकातील स्वतंत्र, दरवर्षीच्या तरतुदीची, आणि तीही अंदाजपत्रकाचा मसुदा तयार होण्यापूर्वी. त्याआधी लेखा विभागात बसून कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या कोणत्या सदराखाली, हा खर्च टाकता येईल हे विचारून घ्यावे. पुष्कळ अर्ज केवळ एवढ्यावरच अडतात.

सोबत आकडे हवेत. आम्ही दाराशी एक वही ठेवली आणि आत येणाऱ्या प्रत्येकामागे एक रेघ ओढू लागलो. महिन्याभरात लक्षात आले की पुस्तक घरी नेणाऱ्यांपेक्षा तिथेच बसून वर्तमानपत्र वाचणारे आणि अभ्यास करणारे कितीतरी जास्त आहेत, आणि देवघेव नोंदवहीत ते कधी दिसलेच नव्हते. या संख्येची प्रभागनिहाय फोड करून प्रत्येक लोकप्रतिनिधीला त्याच्या भागाचा आकडा द्यावा. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण वाचनसंस्कृतीवरील भाषणापेक्षा त्या एका कागदाचा उपयोग अधिक होतो.

पहिल्या वर्षी रक्कम किरकोळ मिळाली तरी ती घ्यावी, कारण एकदा उघडलेले लेखाशीर्ष पुढे वाढवून घेणे त्यामानाने सोपे जाते. मात्र तपासलेले हिशेब आणि विनियोग प्रमाणपत्र (मिळालेला पैसा ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) कुणी मागण्याची वाट न पाहता, पुढच्या वर्षीच्या अर्जालाच जोडून द्यावे.