मदत म्हणायची की काम?

लेकीला रात्री वाचून दाखवायला सध्या एक कादंबरी चालू आहे. आई-वडील दूर कुठेतरी अडकतात आणि तीन भावंडं मिळून घरची लाँड्री चालवतात. १३ वर्षांचा थोरला हिशेब बघतो, मधली इस्त्री करते, धाकटा कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचतो. एका कोटाची चिठ्ठी हरवते आणि त्यावरून तीन प्रकरणं रंगतात. मोठ्यांना गोष्टीतून हाकलल्याशिवाय मुलांना काही करायला मिळत नाही, ही बालसाहित्यातली जुनी सोय. मला आवडते ती.

ब्रिटनहून फोनवर दादाला सांगितलं तर तो खूश. "बघ, तिकडे याचं कौतुक. इथे पोरगं गल्ल्यावर बसलं की लगेच बालमजुरी!"

खरं तर आपला भारतातला कायदा त्याच्याच बाजूचा आहे. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत चालते. धोक्याचं काम तेवढं नको. 'घरचे' म्हणजे आई-वडील, भावंडं, शिवाय काका, आत्या, मामा, मावशी. एवढ्या गोतावळ्यात कुणाचा ना कुणाचा धंदा निघतोच! पुढच्या वर्षीच्या नियमांनी दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली, पण घरात घड्याळ लावून कोण बसतो? घरचं कसब पुढच्या पिढीकडे जातं, असं समर्थक म्हणतात. विरोधकांचं म्हणणं, कसबासोबत जातही पुढच्या पिढीकडे जाते. मला दुसरं जास्त पटतं.

ब्रिटनमध्ये 'मदत' या शब्दाला ही सूट नाही. १९३३ चा कायदा सांगतो की नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात हातभार लावणारं मूल, एक पैसा मिळत नसला तरी, नोकरीवरच धरायचं. १३ च्या आत साधारणपणे नाहीच. पुढेही बहुतेक ठिकाणी स्थानिक कौन्सिलचा परवाना, शाळेच्या दिवशी दोन तास, शाळेच्या आठवड्यात १२. म्हणजे आमच्या कादंबरीतल्या धाकट्या दोघांना पहिल्याच प्रकरणात घरी बसवलं असतं. इथे सगळं कागदावरच्यासारखं चालतं असं मात्र नाही. काउंटरमागे स्टुलावर गृहपाठ करता करता सुटे पैसे मोजून देणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याकडे परवाना मागणारा एकही माणूस पाहिलेला नाही. तरी कायद्याने त्याला काम म्हटलं आहे, याला माझ्या लेखी किंमत आहे.

कारण आमच्या घरात ते कधी कुणी म्हटलं नाही. दादा आठवीपासून संध्याकाळी बाबांच्या छापखान्यात असायचा. "मदत करतो," आई कौतुकाने सांगायची. मी आतल्या खोलीत अभ्यास करायचे, कारण एक जण बाहेर होता. पुढे मी शिकायला परदेशी आले. तो अजूनही त्याच छापखान्यात आहे आणि म्हणतो, "माझं काय वाईट झालं?" यावर मला आजवर धड बोलता आलेलं नाही.

काल कादंबरी संपत आली. आई-वडील परतले, कोटाचा मालक सापडला. थोरल्याची परीक्षा बुडाली, हे लेखकाने एका वाक्यात उरकलं होतं, आणि मीही तेवढ्याच घाईने पान उलटलं. लेकीने हात धरला. "थांब, मागे जा. त्याचं काय झालं ते वाच ना."

मी मागे गेले. तेवढं एकच वाक्य होतं.