रस्त्यात अडथळा नेमका कशाला म्हणायचे?

कोल्हापुरात महाद्वार रोडवर किंवा ताराबाई रोडवर चारचाकी उभी करून, चारही इंडिकेटर चालू ठेवून दुकानात शिरलेल्या माणसाला कोणी हटकले, तर 'दोन मिनिटांत निघतो' हे उत्तर ठरलेले असते. रस्ता काही बंद झालेला नाही, शेजारून दुचाकी जात आहेत आणि आपण मुद्दाम कोणाला अडवलेले नाही, अशी त्याची मनापासून समजूत असते. परंतु अडथळा ठरण्यासाठी रस्ता पूर्ण बंद व्हावा लागत नाही आणि मनात वाईट हेतूही असावा लागत नाही.

1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 102 याबाबत फार समंजस आहे. माल चढवण्या-उतरवण्यासाठी किंवा प्रवाशांच्या चढउतारासाठी वाहन थांबवण्यास त्यात मनाई नाही. त्या कामाला लागतो त्याहून अधिक वेळ ते रस्त्यात ठेवण्यास मनाई आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 122 आणखी पुढे जाते आणि इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होण्याची नुसती शक्यता असली, तरी तशा जागी वाहन ठेवू देत नाही. पन्हाळ्याकडून शिवाजी पुलावरून सीपीआर रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका जिथे अडकते, तिथे पुढच्या गाडीवाल्याचा हेतू काय होता, हे विचारून काय उपयोग?

रस्त्याकडेच्या भाजीवाल्या मावशींना मात्र याच मापाने मोजणे मला पटत नाही. कलम 102 त्यांनाही लागू होते, हे खरे. पण 2014 च्या फेरीवाला कायद्याने त्यांना जागा ठरवून देण्याची जबाबदारी यंत्रणेवर टाकली आहे, आणि ती जागा न देता त्यांची पाटी उचलणे न्यायाचे नाही. ऊसदरासाठी शिरोली पुलावर होणारे रास्ता रोको हा आणखी वेगळा प्रश्न आहे, कारण तिथे वाहतूक अडवणे हेच आंदोलनाचे साधन असते.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती गळीत हंगामातील रात्रींची. उसाने भरलेला ट्रॅक्टर सावकाश चालतो, म्हणून तो अडथळा ठरत नाही; त्याचा वेगच तेवढा आहे आणि मागच्याने धीर धरायला हवा. पण टायर फुटलेली किंवा पाटा तुटलेली ट्रॉली अंधारात, मागे रिफ्लेक्टर नसताना उभी राहते, चाकांना आणि भोवती मोठे दगड लावले जातात, आणि दुरुस्तीनंतर ट्रॉली निघून गेली तरी ते दगड डांबरावर तसेच राहतात. पहाटे दूध घेऊन येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते दिसणार कसे? भारतीय न्याय संहितेचे कलम 285 नेमके इथे लागू पडते, कारण केलेल्या कृतीइतकीच आपल्या ताब्यातील वस्तूची व्यवस्था न लावण्याची हयगयही त्यात गुन्हा धरली आहे. जुन्या दंडविधानात यासाठी 200 रुपयांपर्यंत दंड होता. 1 जुलै 2024 पासून तो 5000 रुपयांपर्यंत झाला आहे.

दंडाची पावती अपघातानंतर फाडून काही साधत नाही. म्हणून साखर कारखान्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वीच वाहतूकदारांशी करार करताना प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर, बिघाडाच्या वेळी मागे ठेवायचा चमकणारा त्रिकोण आणि जाताना दगड उचलण्याची अट लेखी घालावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.