काननदेवीच्या बापाची चौकशी कशाला?

आज संध्याकाळी जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला गेले होते. 'तुफान मेल' सुरू होण्याआधी निवेदकानं ते गाणाऱ्या काननदेवीची, बंगालच्या जुन्या गायिका-अभिनेत्रीची, ओळख करून दिली ती अशी: वडील नक्की कोण होते कुणास ठाऊक, आईचंही सगळं संशयास्पदच. सभागृहात हसू पसरलं. माझं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर नाही.

त्यानं खोटं सांगितलं असं नाही, मान्य. काननदेवीनं स्वतः आत्मचरित्रात हे लपवलेलं नाही. पण तिनं सांगणं वेगळं आणि तुम्ही माईकवरून हशा मिळवायला सांगणं वेगळं.

माझी आत्या साताऱ्यात वाढली. शाळकरी वयात गणपतीच्या मेळ्यात तिनं हेच 'तुफान मेल' म्हटलं, 'वन्स मोअर' घेतला आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी घरातली पेटी विकून टाकली. घरंदाज मुली लोकांसमोर गात नाहीत म्हणे.

काननच्या घरात विकायला पेटीही नव्हती. हावड्यातली पोर. वडील म्हणून ज्यांना मानायची ते गेल्यावर मायलेकींनी नातेवाइकांच्या घरी मोलकरणीसारखं राबून पोट भरलं. 1926 साली मादन थिएटर्सच्या 'जयदेव' या चित्रपटात काम केलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. हातात पाच रुपये पडले. 1931च्या 'जोर बरात'मध्ये दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून नायकानं तिला न विचारता, न सांगता तिचं चुंबन घेतलं. पंधरा वर्षांची मुलगी! तक्रार करायची कुणाकडे? घर चालायचं ते तिच्याच कमाईवर. हे का नाही सांगितलं हो माईकवरून?

'देवदास'च्या पारोसाठी दिग्दर्शक प्रमथेश बरुआंना तीच हवी होती, पण राधा फिल्म्सच्या करारातून सुटका झाली नाही. मग न्यू थिएटर्स या चित्रपट कंपनीत आली, 1937ला 'मुक्ती' आला आणि कलकत्ता तिच्या मागे वेडं झालं. त्यातली तिची रवींद्रनाथांची गाणी ऐका. संगीतकार पंकज मलिकांच्या हाताखाली तो आवाज काय खुललाय! सैगलबरोबरचा 'स्ट्रीट सिंगर' त्याच्या पुढच्याच वर्षीचा.

आणि 1940मध्ये तिनं ब्राह्मो समाजातल्या हेरंबचंद्र मैत्रांच्या मुलाशी लग्न केलं तेव्हा? सुधारकांचं कलकत्ता खवळून उठलं. सिनेमातली बाई सून म्हणून नको! रवींद्रनाथांनी नवदांपत्याला आशीर्वाद म्हणून आपली सही केलेली तसबीर पाठवली, तर लोकांनी त्यांनाही सोडलं नाही. माझे आजोबाही सुधारकच म्हणवायचे, विधवाविवाहावर भाषणं द्यायचे. पेटी मात्र विकली.

कुणी म्हणेल, काळच तसा होता. असेल. पण आज हसणारे त्या काळातले नव्हते, माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर होते.

आत्याला मघाशी फोन केला. मी तावातावानं बोलत होते, ती शांतपणे ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "अगं, आम्हाला वाटायचं, ती गाते म्हणजे कुणीतरी तिला गाऊ देतंय." हे ऐकल्यावर माझा आवाजच खाली आला. तिला गाऊ देणारं कुणी नव्हतं गं आत्या. ती गाऊन घर चालवत होती.

काननचं ते लग्न टिकलं नाही. नवऱ्याची अट होती, सिनेमा सोड. तिनं सोडला नाही. 1949मध्ये श्रीमती पिक्चर्स ही स्वतःची कंपनी काढली, शरदबाबूंच्या, म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या, कथांवर चित्रपट केले. पुढे म्हाताऱ्या, निराधार झालेल्या नट्यांसाठी 'महिला शिल्पी महल' उभं केलं, कारण पडद्यावरून उतरलेल्या बाईचं काय होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. 1976चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. निवेदनात यातलं अक्षर नव्हतं.

श्रीमती पिक्चर्सच्या 'मेजदिदी'ची बरी प्रत कुणाकडे असेल तर कळवा. सबटायटल नसली तरी चालेल, आत्याला बंगाली थोडं समजतं.