पोरीला शिकवा म्हणे!

"ओ ताई, पोरीला नीट शिकवा रस्ता क्रॉस करायला!"

हे मला कोण ऐकवतंय? आज सकाळी सव्वासातला पुण्यात कर्वे रोडवर राँग साइडने आलेला अ‍ॅक्टिव्हावाला. मी लेकीचा हात धरून झेब्रावर, समोर हिरवा माणूस लागलेला, तिच्याकडून घोकून घेतेय, "आधी उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे." आणि हा पठ्ठ्या उगवला डावीकडून! पुढे पाय ठेवायच्या जागेत स्वतःचं पाचेक वर्षांचं पोरगं उभं, पाठीला दप्तर, हातात पार्ले-जी. हेल्मेट? होतं की. आरशाला लटकवलेलं. आमच्या पायांपासून वीतभर अंतरावर ब्रेक दाबला, बिस्किट पडलं, पोराने भोकाड पसरलं. आणि शिकवायचं कोणी, तर मी!

चार वर्षांवरच्या पोरांना हेल्मेट सक्तीचं आहे हो. त्याहून लहानांसाठी २०२२ च्या नियमात हेल्मेट, पोराला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा आहे. तो पट्टा लावलेलं एक तरी पोर दाखवा, मी चहा पाजते.

बरं, "फुटपाथवरून चाल" असं तरी पोरीला कुठल्या तोंडाने सांगू? आमच्या फुटपाथवर आधी विजेचा डीपी, मग पाणीपुरी, मग तीन बुलेट, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि पुढे फुटपाथच नाही. सायकल शिकवायची तर सातारा रोडच्या ट्रॅकवर सायकल सोडून सगळं सापडतं. आणि शाळेचं काय, तर जानेवारीत रस्ता सुरक्षेचं घोषवाक्य आणा, चार्टपेपर आणा. तो चार्टपेपर रात्री साडेदहाला कोण रंगवतं?

असो. तर मी त्या माणसाला भर झेब्रावर उभी राहून सुनावत होते. त्याचे पूर्वज, त्याचं लायसन्स, सगळं काढलं. खालून फ्रॉकवाली माझी ओढणी ओढतेय, "आई, आई." "थांब गं!" "आई, लाल माणूस कधीचा झालाय." मागे पीएमपीची बस हॉर्न देत उभी, तिच्यामागे अख्खा कर्वे रोड. अ‍ॅक्टिव्हावाला तर केव्हाच पसार.

संध्याकाळी तिची वर्कशीट बघितली. रस्ता ओलांडताना काय कराल? उजवीकडे बघू. डावीकडे बघू. परत उजवीकडे बघू. चौथी ओळ तिने स्वतःच आखून घेतली होती: मग आई ओरडते.